घर सोडल्याचे दाखले

मनवाला सोमवारी अठरा वर्षं पूर्ण होत होती आणि सोमवारीच तिला बालगृह सोडायचं होतं. कायद्याचं हे असं असतं. रविवारी झोपताना लहान, सोमवारी उठताना मोठी, आणि मोठी झाली की चला, उचला ट्रंक! अशा मुलींचं तीन वर्षांचं खोलीभाडं एक संस्था भरायची. म्हणजे भाडं तयार होतं, खोली द्यायलाच कुणी तयार नव्हतं. संस्थेच्या दीपिकाताईंनी तिला परळ-लालबागच्या नऊ खोल्या दाखवल्या. नऊही मालकांनी आधी “बिचारी” म्हटलं आणि मग “नाही” म्हटलं. आज शुक्रवार होता, आणि गिरगावातली ही दहावी खोली ताईंच्या यादीतली शेवटची.

मालक गंगाधरकाका. बायकोबरोबर शेजारच्याच खोलीत राहायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण ‘भाडेकरू’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. आधीचा भाडेकरू रघुवीर अकरा महिन्यांच्या करारावर आला तो चौदा वर्षं राहिला. कोर्टाच्या पायऱ्या झिजवता झिजवता काकांचे केस गेले. आता ते ताकसुद्धा फुंकून प्यायचे.

“आईवडील नाहीत, ते जाऊ दे. त्यात पोरीचा काय दोष?” काका म्हणाले. “मला एकच सांगा. अकरा महिन्यांनी ही निघेल कशावरून?”

दीपिकाताईंनी करार पुढे केला, संस्थेचं पत्र पुढे केलं. काका बघेचनात.

“रघुवीरनं पण कागद दिले होते, मॅडम. हसत हसत आला आणि ठाण मांडून बसला.”

सोमवारी ट्रंक घेऊन जायचं कुठे? मनवाला रडू येत होतं, पण बिचारेपणाचा उपयोग नऊ वेळा करून झाला होता. तिने पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली.

“काका, हे बघा. मी वेळेवर निघते.”

फाइलमध्ये चार कागद होते. शिशुगृह सोडल्याचा, मग अँटॉप हिलच्या आधीच्या बालगृहाचा, मग तिला सांभाळायला घेऊन गेलेल्या एका कुटुंबाचा, मग शाळेच्या वसतिगृहाचा. प्रत्येकावर तारीख, शिक्का आणि खाली तेच वाक्य: सर्व सामानासह बाहेर पडली, काही तक्रार नाही.

लेकीसाठी आलेल्या स्थळाची माहिती वाचावी तसे काकांनी ते कागद वाचले.

“ठरलेल्या तारखेलाच निघालीस?”

“हो.”

“मुदत वगैरे मागितली नाहीस?”

“नाही.”

“वा!” काका मनापासून खूश झाले. “अगं कालिंदी, बघितलंस का? चार जागा, चारही तारखेला रिकाम्या! याला म्हणतात भाडेकरू!”

कालिंदीकाकू कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी हात पुसून कागद घेतले आणि तिसऱ्यावर थांबल्या. “हे तर घर होतं गं. इथनं का निघालीस?”

“त्यांना बाळ झालं.”

“तुला राहायचं होतं?”

मनवा गोंधळली. हा प्रश्न आजवर कुठल्याच फॉर्मवर आला नव्हता. “हो,” ती म्हणाली. “खूप.”

काकूंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की काकांनी मान खाली घातली. पण जित्याची खोड! करारावर सही करण्याआधी त्यांना खोली सोडत असल्याचं पत्र हवंच होतं, आगाऊ. “मी सांगतो तसं लिही,” म्हणेपर्यंत मनवाचं निम्मं लिहून झालं. मजकूर तिला पाठच होता. सर्व सामानासह खोली सोडत आहे, माझी काही तक्रार नाही. तिने अकरा महिन्यांनंतरची तारीख टाकली, सही केली आणि मान वर केली.

“काका, किती वाजता निघू? वेळ लिहावी लागते.”

चौदा वर्षं कुणीतरी हे विचारावं म्हणून काकांनी देव पाण्यात घातले होते. आता कुणीतरी विचारलं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“जेवून निघ,” काकू म्हणाल्या. “तसंच लिही.”

‘दुपारी, जेवून,’ मनवाने नीट अक्षर काढून लिहिलं, आणि काकांनी करारावर सही केली.