दोन होड्या, एक जाळं

"सदू, हायस ना रे?"

"हाय भिवा, हाय!"

वीस वर्षं झाली, तरी बाबाची ती हाक रुचिराच्या कानातून उतरली नव्हती. बाबाची होडी अलीकडे, सदूकाकाची पलीकडे, मधे दोराला बांधलेलं एकच जाळं. धुक्यात होडीला होडी दिसायची नाही; मग हाकेवर अंतर राखायचं. किनाऱ्यालगत जाळं असलं की मिरकरवाड्याच्या धक्क्यावर सगळं ऐकू यायचं.

कार्तिकातल्या एका वादळी सकाळी काका एकटाच परतला. "वारा लय होता," एवढंच बोलला. पुन्हा कधी होडीत चढला नाही. लोकांची जाळी विणत बसला.

आज दुपारी रुचिरा बंगळुरूहून थेट त्याच्या पडवीत आली.

"आभाळातली मानसा आज जमिनीवर कशी?" कमळाकाकीनं टोमणा मारला आणि चहा ठेवायला आत गेली.

रुचिरा काकाजवळ बसली. "काका, आम्ही दोन उपग्रह सोडणार आहोत. तारा एक, डोळे दोन, मधे शंभर मीटर. दोघांवर पडलेला उजेड एकत्र आणला की शंभर मीटरची दुर्बीण असल्यासारखं बारीक दिसतं. ताऱ्याला चिकटलेला ग्रहसुद्धा वेगळा ओळखू येईल."

"मधे दोर?"

"दोर नाही. उजेडानंच एकमेकांना विचारत राहायचं, आहेस ना म्हणून. केसभर सरकलं तरी चित्र पुसलं."

"म्हंजे आमचाच धंदा की गो." काका हसला. जाळ्यातली त्याची सुई चालत राहिली.

"हो. पण एकाचं उत्तर आलं नाही, तर दुसऱ्यानं किती थांबायचं? लवकर सोडून गेला तर तारा हातचा जातो. उशीर झाला तर दोघं आदळतात. तो आकडा मला लिहायचाय, काका. लिहायला बसले की खोलीत बाबा हाक मारतो. महिना झाला, लिहून होत नाही."

सुई थांबली.

"त्या दिवशी बाबा गप्प झाल्यावर तू किती थांबलास?"

आत कपबशा वाजल्या. काकानं मांडीवरचं जाळं बाजूला सारलं.

"भिवा गप झालाच नव्हता गो. त्याची होडी कलंडली, दोरानं माझीपन खेचत होती. तो हाका मारीत व्हता, नि मी उत्तर दिला नाय. कोयता घेतला, नि दोर कापला."