काबरीवर घेतलेला आळ

मी काबरी कोंबडी बोलतेय. महाळुंग्याच्या शालनबाईंच्या परसातली. आवाज चढलेला वाटला तर वाटू द्या. जिनं उभा जन्म पिल्लं काढण्यात घालवला, तिलाच वांझ ठरवून कापायला निघाले, तर तिनं काय ओव्या म्हणाव्यात?

माझा जन्म याच घरातला. चुलीमागच्या टोपलीत, आईच्या पंखाखाली. आईच्या लहानपणी म्हणे परसाच्या पुढं ज्वारीचं शिवार होतं. मी डोळे उघडले तेव्हा तिथं कंपनीची भिंत होती, आणि भोंगा वाजला की लाल्या कोंबड्याच्याही आधी सगळं गाव जागं व्हायचं. बिचारा लाल्या! तरी आरवतो. सवय.

त्याचंही मला काही सांगायचंय. चाकणच्या रस्त्यानं जिथं जिथं 'गावरान' अशी पाटी दिसते, तिथं चित्र कोंबड्याचं असतं. तुरा, शेपूट, ऐट. अंडी घालायची आम्ही, अंडी उबवायला रवणीला बसायचं आम्ही, आणि पाटीवर मिरवायचं यानं! असो. ते भांडण जुनं आहे. आजचं वेगळं आहे.

शालनबाई आमची मालकीण. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण कोंबड्यांच्या बाबतीत कुणाचं ऐकून न घेणारी. जमिनी गेल्या, दारात चार खोल्यांची चाळ उभी राहिली, कामगार भाड्यानं राहायला आले, तरी तिनं परसातलं कोंबड्यांचं डालगं हलू दिलं नाही. "कोंबडं न्हाई त्या घराला घर म्हणू ने," असं ती सुनेला बजावायची. तिचा मुलगा सयाजी आमची अंडी गाडीवर घालून चिंचवडच्या सोसायट्यांत पोचवायचा. शालनबाईच्या घरची अंडी म्हटलं की बायका निवांत घ्यायच्या. तिचा शब्द होता तो.

पण माणसाच्या जातीला एक खोड आहे. 'नाही' हा शब्द त्याच्या घशातून खाली उतरत नाही आणि वरही येत नाही. भाद्रपदात पाऊस लांबला, आम्ही अंडी कमी केली. का करू नये? आम्ही काय मशीन आहोत, शिफ्टवर चालणाऱ्या? तिकडं सोसायटीवाल्यांचे फोन मात्र थांबेनात. सयाजीनं काय करावं? मागच्या रिकाम्या खोलीत भलं मोठं पातेलं चढवलं, त्यात चहा पावडर उकळली, आणि दुकानातून आणलेली पांढरी अंडी त्यात बुडवून काढली. मी उंबऱ्यावर उभी राहून पाहत होते. पांढरी अंडी आत गेली, बदामी होऊन बाहेर आली. त्यांच्यावर माझं नाव लागलं.

मी ओरडले. खूप ओरडले. "काबरीनं अंडं दिलं वाटतं," शालनबाई घरातून म्हणाली. आता काय बोलायचं!

त्याच सुमारास मी खुडूक झाले, अंडी उबवायची ओढ चढली. अंग तापलं, पिसं फुलली, कुणी जवळ आलं की गुरगुरायची. काही घरांत खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवतात, नाहीतर तिच्या नाकात पीस ओवतात. शालनबाईनं ती निर्दयी कामं कधी केली नाहीत. ती म्हणायची, "तिला आई व्हायचंय, हून द्या." घट बसले की ती अंड्याला हात लावत नाही, म्हणून त्याआधीच तिनं मला रवणीला बसवायचं ठरवलं. टोपलीत राख पसरली, वर भुसा, आणि वीज कडाडून अंडी बिघडू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा.

मग ती अंडी निवडायला बसली. तिची रीत अशी, की रवणीला नेहमी मोठी अंडी घ्यायची. मोठं अंडं, मोठं पिल्लू. तिच्या सासूनं शिकवलेलं. कोंड्याच्या डब्यात सयाजीनं आपली रंगवलेली अंडी आमच्या अंड्यांत मिसळून ठेवली होती, हे तिला काय ठाऊक? तिनं एकेक तळहातावर घेऊन तोललं, आणि मोठी म्हणून नेमकी दुकानाची तेवढीच माझ्याखाली घातली. माझी, माझ्या बहिणींची लहानशी अंडी बाजूला राहिली.

अंडी माझ्या अंगानं तापली आणि पोटाखालून चहाचा वास येऊ लागला. मला सगळं समजलं. पण खुडूक कोंबडीला उठता येत नाही. तुम्ही म्हणाल, वेडी आहे. असेन. आईपण चढलं की पोटाखाली गोटे घातले तरी आम्ही बसतो. दिवसातून एकदा दाणे टिपायला उठायचं, पाणी प्यायचं, पळत परत यायचं. नवरात्र गेलं, दसरा गेला, परतीच्या पावसानं दोनदा झोडपलं. मी काटकीसारखी वाळले. ज्या अंड्यांना कोंबड्याचा वाराही लागलेला नाही, ती मी इमानदारीनं उबवत होते!

दिवस भरले. चोचीचा आवाज नाही. वर दिवस गेले. तरी नाही.

सयाजीनं दसऱ्याला नवी गाडी घेतली होती. तिच्या पार्टीला रविवारी भोसरीचे मित्र जेवायला यायचे होते. शनिवारी तो टोपलीजवळ येऊन म्हणाला, "आई, काबरी संपली आता. वांझ झाली. उद्या हिचाच रस्सा घालू. गावरान म्हटलं की पोरं खूश."

"तिच्यावर आळ घिऊ नगं," शालनबाई म्हणाली. "आजवर तिची रवण कधी वाया गेली न्हाई."

"म्हातारी झालीय गं."

"म्हातारी तर मी बी हाय. मला बी कापतो का?"

तो हसला. मी नाही हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं परसातल्या पाट्यावर सुरी घासायला घेतली. तो आवाज ऐकत मी बसले होते, त्याच्याच पापावर ऊब धरून.

तेवढ्यात शालनबाई कोमट पाण्याचं पातेलं घेऊन आली. उशीर झालेली अंडी ती अशी पारखते. आत जीव असेल तर अंडं पाण्यात थरथरतं. तिनं मला उचलून बाजूला ठेवलं आणि अंडी पाण्यात सोडली. एकही हललं नाही. तिनं एक उचलून अंगठ्यानं चोळलं. अंगठा तांबूस झाला. अंड्यावर पांढरा पट्टा उमटला. पाणी हळूहळू चहासारखं होत गेलं.

तिनं अंगठा पदराला पुसला.

"सयाजी," तिनं हाक मारली. "सुरी ठिव खाली. हिकडं ये."

तो आला. पातेलं पाहिलं. "आई, सगळेच करतात. लोकांना रंग पाहिजे."

"मेल्या, ह्या मुक्या जिवाला तीन आठवडे दगडावर बसवलंस, आन् वर वांझ म्हणलास? तुझ्या जिभेला हाड हाय का न्हाई?"

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. चिंचवडच्या अरुंधतीबाई, सोसायटीतल्या सगळ्यांच्या वतीनं अंडी नेणाऱ्या, मुलीला कोंबड्या दाखवायला आल्या होत्या. सयाजी पुढं धावला, पण शालनबाई त्याच्या आधी पोचली, पातेल्यासकट.

"बाई, ही अंडी आमच्या कोंबडीची न्हाईत. चहात बुडवल्यात. तुमास्नी दिली ती बी असलीच असतील."

अरुंधतीबाईंचा चेहरा उतरला. "अहो आजी, पण चव! मी सगळ्यांना सांगत होते, यांच्या अंड्यांचा बलकच वेगळा!"

"ती चव अंड्याची न्हाई बाई, नावाची."

"मग खरी कधी मिळतील?"

"थंडी पडल्यावर. आता कोंबड्या पिसं टाकत्यात."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत न्हाईत."

किती सोपा शब्द! बाईंना तो रुचला नाही. रागानं निघून गेल्या, आणि दुपारपर्यंत सोसायटीनं आमची अंडी बंद केल्याचा निरोप आला. सयाजीनं आईशी बोलणं टाकलं. बाजारातून ब्रॉयलर आणून त्यानं बायकोला रस्सा करायला लावला.

आणि ऐका निर्लज्जपणा! मित्र जेवायला बसले, बोटं चाटू लागले. एक म्हणाला, "सयाजीभाऊ, गावरानची मजाच और!" सयाजी गालात हसून म्हणाला, "घरचीच कोंबडी आहे, भावा. आईनं वाढवलेली."

माझ्या अंगाची आग झाली. शालनबाई भाकरी थापत होती. पिठाच्या हातानं उठली, परसात आली, मला काखेत घेतलं आणि सरळ पंगतीच्या मधोमध नेऊन सोडलं. पिसं झडलेली, मान उघडी पडलेली, पायावर उभं राहायची ताकद नसलेली मी, त्यांच्या ताटांमध्ये उभी राहिले.

"ही बघा घरची कोंबडी," ती म्हणाली. "जित्ती हाय."

एकानं ताट बाजूला सरकवलं. सयाजीनं मान वर केली नाही. मी मात्र ताठ मानेनं, जमेल तेवढं मोठ्यांदा ओरडले. या वेळी कुणी म्हणालं नाही की काबरीनं अंडं दिलं.

आता मी उन्हाला बसते. पिसं अजून गळताहेत, अंडं नाही. शालनबाई मला ज्वारी भरडून घालते आणि उगाच चुचकारत नाही, हे मला आवडतं. थंडी पडली की नवी पिसं येतील, मग बघू. तोवर तुमच्या दाराशी कुणी माझ्या नावानं अंडी घेऊन आला, तर मी महाळुंग्याहून सांगतेय, ती माझी नव्हेत.