शिक्का एकेचाळीस

पाचव्या ओळीतलं तिसरं अक्षर तिला दिसलं नाही. तिने अंदाजाने काहीतरी सांगितलं. चष्म्याच्या दुकानातला तरुण म्हणाला, "बरोबर." ते चूक होतं.

*

डायपर बावन्न. सात दिवसांचे अठ्ठेचाळीस आणि वरचे चार भीतीचे.

*

जहाजावरच्या तरणतलावाच्या कठड्यावर पाटी: डायपर घालणाऱ्या बाळांना पाण्यात आणू नये. चहूकडे समुद्र, आणि बाळाची अंघोळ बेसिनमध्ये.

*

तान्ह्या बाळाच्या लाइफ जॅकेटला मोठ्यांच्यापेक्षा तीन गोष्टी जास्त असतात. डोकं पाण्यावर राहावं म्हणून मानेमागे फुगीर कॉलर. वरून उचलता यावं म्हणून पाठीवर मूठ. आणि बाळ खालून निसटू नये म्हणून पायांमधून पुढे येणारा पट्टा. हा पट्टा जॅकेटला जिथे शिवतात तिथे टाक्यांची चौकट असते आणि चौकटीत फुली. बघणाऱ्याला वाटतं, चौकट धरते. धरते फुली. तपासणीनंतर त्यावर कापडाची चकती बसते आणि मग फुली कुणालाच दिसत नाही.

*

"हसव ना तिला. अगं हसव. फोटोत ती जहाज बुडाल्यासारखी दिसतेय."

*

हे बोलणारा जावई. बाळ त्याचं, सात महिन्यांची मुलगी. तिचं खरं नाव कागदपत्रांवर आहे. घरात तिला बटण म्हणतात. जहाज धक्का सोडण्याआधी प्रत्येकाला नेमून दिलेल्या डेकवर जमावं लागतं, संकटात काय करायचं ते दाखवतात. चौथ्या डेकवर तीनशे माणसं उभी होती, निम्म्यांच्या हातात सरबताचे ग्लास. केबिनवाल्याने कपाटातून बाळाचं केशरी जॅकेट काढून दिलं आणि आजीच्या मुलीने ते बटणच्या गळ्यात अडकवलं.

आजीने ते उलटून पाहिलं.

सवय. एकोणतीस वर्षं ती लाइफ जॅकेटच्या कारखान्यात चेकर होती. तिथे तिला टाकेबाई म्हणत. मुलीच्या लग्नातही निम्मे पाहुणे तिला त्याच नावाने शोधत होते. ती बसमध्ये सीटच्या कव्हराची शिवण बघते, डॉक्टरकडे पडद्याची. इथेही ती काही शोधत नव्हती. कॉलरच्या आत निळा गोल शिक्का होता. गोलात ४१. खाली महिना आणि साल.

एकेचाळीस म्हणजे तीच.

तिने महिना पुन्हा वाचला. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तिसऱ्यांदा वाचला.

"आई, काय झालं?" मुलीने विचारलं.

"काही नाही. नीट बसलंय का बघत होते."

"मग कठडा का धरलायस?"

"जहाज हलतंय."

"जहाज अजून बांधलेलंय, आई."

*

नऊ वर्षांपूर्वीचे चार महिने. त्या महिन्यांत तिला जवळचं दिसत नव्हतं.

एका सकाळी पांढऱ्या पट्ट्यावरचा पांढरा दोरा नाहीसा झाला. पट्टा होता, दोरा नव्हता. तिला वाटलं, दिवा मंद आहे. मग वाटलं, झोप झाली नाही. मग काही वाटून घ्यायचं तिने बंद केलं. डोळे गेले की चेकरला घडी घालायच्या टेबलावर पाठवत. तिथे शिक्का नसतो. तिथे कुणी नाव घेऊन हाक मारत नाही, "ए घडीवाल्या" म्हणतात, सगळ्यांना मिळून.

म्हणून ती अंगठ्याने बघायला लागली. चौकटीवरून अंगठा फिरवायचा, मधली फुली बोटाला लागते. लागायलाच पाहिजे. शिक्का. पुढचं.

लागत होती ना?

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी वर आरामखुर्चीत झोपली होती. ही सुट्टी तिचीच मागणी. पंधरा दिवसांनी कामावर रुजू व्हायचं होतं. त्याआधी सात दिवस तिला समोर काहीही नको होतं, भिंत नको, भांडी नकोत, फक्त लांबवर आडवी रेघ. "तू फक्त बटणला बघ, आई," ती म्हणाली होती. "मी समुद्राला बघते."

आजी बटणला बघत होती. म्हणजे बटण पाळण्यात बसून स्वतःचा मोजा चावत होती आणि आजी कपड्यांच्या कपाटातल्या दांडीला जॅकेट टांगून त्याच्या पट्ट्याला सर्वांत जड बॅग अडकवत होती.

दार उघडून जावई आत आला. थांबला.

"बॅगेला फाशी का देताय, आई?"

"दार लावा."

त्याने लावलं. बॅग लोंबकळत होती. दांडी वाकली, पट्टा सुटला नाही. आजीने मनात साठपर्यंत आकडे मोजले. मग पुन्हा साठ.

"टिकला की," जावई म्हणाला.

"हा टिकला."

"अजून कोणता टिकायचाय?"

तिने शिक्का दाखवला. महिना दाखवला. तो चष्म्याच्याच दुकानात काम करायचा. याच दुकानात ती पहिल्यांदा डोळे तपासायला गेली होती, आणि चष्मा घ्यायला जाताना मुलीला सोबत नेलं म्हणून आज हा जावई होता. त्याला हिशेब लावायला वेळ लागला नाही.

"अधिक अडीच," तो म्हणाला. "तुमचा पहिला नंबर. मला अजून आठवतो."

"मग?"

"अडीचला टाका दिसत नाही, आई." त्याने बटणच्या तोंडातून मोजा सोडवून घेतला. "मी तेव्हा विचारलं होतं काय काम करता. तुम्ही म्हणालात, शिवणकाम. नंतर कळलं चेकर. तोपर्यंत मी तुमच्या घरी चहा प्यायला लागलो होतो."

"आणि बोलला नाहीत."

"तुम्हीही नाही बोललात."

बटणने मोजा परत मिळावा म्हणून आरोळी ठोकली.

"हिला सांगू नका," आजी म्हणाली. हिला म्हणजे मुलीला.

"मी नाही सांगत. पण तुम्ही जेवायला सुरुवात करा. काल तिने मला विचारलं, आईला माझ्याबरोबर आवडत नाहीये का."

*

जहाजावर बाळं किती?

चहाच्या वेळी सात. वाचनालयात एक, झोपलेलं. लिफ्टमध्ये जुळी. तलावाच्या कठड्याशी, पाटीच्या खाली, रडणारी दोन. आजी बटणला कडेवर घेऊन सगळ्या डेकवरून फिरली, पुढून मागे, मागून पुढे, जिने चढून, जिने उतरून. टोपी घातलेला मुलगा मोजलाय का? पुन्हा पहिल्यापासून. एकोणीस. बटण धरून वीस.

एका बाळाच्या आईने विचारलंच, "तुम्ही आमच्या मागे मागे का येताय?"

"गोड आहे हो बाळ."

"धन्यवाद," ती बाई म्हणाली आणि बाळगाडी दुसऱ्या बाजूला वळवली.

वीस बाळं. एक जॅकेट तपासून झालेलं. बाकीची कपाटात, केशरी, घडी घातलेली, आणि कितींवर निळा गोल आहे कुणाला माहीत. तिने केबिनवाल्याला गाठलं.

"मला बाळांच्या जॅकेटचं कपाट बघायचंय."

"काकू, लोक इथे डॉल्फिन बघायला येतात."

"तुम्ही उघडू शकता ना?"

"उघडू शकतो. मग मला पुढच्या बंदरात उतरवतील, कायमचं." तो उंच होता, बोलताना वाकायचा. तिच्या तोंडाकडे बघून त्याने हसणं आवरलं. "सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारा. पण कारण सांगावं लागेल."

कारण.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी भांडली. भांडण बटणच्या टोपीवरून सुरू झालं.

"तू तिला उन्हात कुठे कुठे फिरवतेस? काल अकरा जिने चढलीस म्हणे. हे सांगत होते."

"पाय मोकळे होतात."

"आई, मी तुला सुट्टीवर आणलंय. तू ड्युटीवर असल्यासारखी वागतेस. काल जेवताना शेजारच्या टेबलावरचा रुमाल उलटा करून बघितलास! त्यात माणूस तोंड पुसत होता!"

जावई खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"तुम्ही हसू नका," मुलगी त्याला म्हणाली. मग आईला: "नसेल आवडत तर सांग ना. मी एकटी बघते बटणला. पण अशी जीव खाऊ नकोस माझा. चारच दिवस उरलेत."

आजीला सांगायचं होतं. तोंड उघडलं तर वाक्य आलं ते हे:

"दहा वाजता मला चौथ्या डेकवर काम आहे. बटणला तुम्ही घ्या."

"काम? जहाजावर तुला कसलं काम?"

*

सुरक्षा अधिकारी मुलीहून लहान दिसत होती. केस घट्ट बांधलेले, बुटांवर मिठाचे पांढरे डाग. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आम्ही दर वर्षी तपासणी करतो."

"काय तपासता?"

"शिट्टी. दिवा. बकल. कापड फाटलंय का."

"चकतीखालची फुली?"

"ती कशी तपासणार? ती कारखान्यात तपासून येते. म्हणून तर शिक्का असतो."

"शिक्का माझा आहे," टाकेबाई म्हणाली. "एकेचाळीस. आणि त्या चार महिन्यांत मला दिसत नव्हतं."

हे वाक्य नऊ वर्षांत तिने कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. किती लहान होतं.

अधिकाऱ्याने किल्ल्यांचा जुडगा काढला.

कपाटातली आणि बटणचं धरून सव्वीस जॅकेटं होती. त्या महिन्यांतली, एकेचाळीसची, चौदा. एक तिने बॅग टांगून पाहिलं होतं, ते तिने वेगळं ठेवलं. मग उचलून पुन्हा ओळीत ठेवलं. जावयाने बॅगा तोलायचा हातकाटा आणून दिला होता आणि तिथेच घुटमळत उभा होता. अधिकाऱ्याने जॅकेट रेलिंगला बांधायचं, टाकेबाईने काट्याचा हुक पट्ट्यात घालून दोन्ही हातांनी ओढायचं, जावयाने आकडा वाचायचा.

"वीस. बावीस. पंचवीस. बास, आई."

"धरून ठेवा."

एक. दोन. तीन. वारा होता, तिचा पदर उडून काट्यात अडकत होता, तो तिने कमरेला खोचला. चार. पाच. केबिनवाला वाटेत थांबला आणि मग हातातले टॉवेल खाली ठेवून जॅकेटं उचलून द्यायला लागला. सहा, सात, आठ. हात भरून आले. "मी ओढू का?" जावयाने विचारलं. "नाही." नऊ. दहा.

मुलगी बटणला घेऊन आली ती अकराव्याला. तिने काही विचारलं नाही. जमिनीवर मांडलेले शिक्के तिने पाहिले, साल पाहिलं, आईच्या नाकावरचा चष्मा पाहिला.

"त्या वर्षी," मुलगी हळूच म्हणाली, "तू मला रोज सुई ओवायला बोलवायचीस."

टाकेबाईने बारावं जॅकेट रेलिंगला लावलं.

"मला वाटायचं, तुला माझ्याशी बोलायचं असतं."

"बोलायचंही असायचं."

"वीस," जावई म्हणाला. "बावीस. पंचवीस."

तेरावं टिकलं. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. केबिनवाल्याने टाळीसाठी हात उचलले आणि खाली घेतले.

चौदावं अकरा किलोला सुटलं. आवाजही फार झाला नाही. चकती एका बाजूने उलगडली, पट्टा टाकेबाईच्या हातात आला आणि ती दोन पावलं मागे गेली. मुलीने बटणला एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने तिला धरलं.

अधिकाऱ्याने जॅकेट हातात घेतलं. "दोरा जुना झालाय," ती म्हणाली. तिचा आवाज दयाळू होता. "समुद्राची हवा असते. नऊ वर्षं म्हणजे... यात कुणाची चूक नसते, काकू."

"द्या इकडे."

टाकेबाईने चकती पूर्ण सोलली. खाली चौकट होती, चारही बाजू सरळ, एकसारख्या. मध्ये कोरा पांढरा चौरस. एक भोकही नाही.

"इथे फुली घातलीच नव्हती," ती म्हणाली. "दोरा जुना नाही. लिहून घ्या."

"काय लिहू?"

"लिहा की फुली नाही. चेकर एकेचाळीस. आणि खाली ते चार महिने लिहा. ही जॅकेटं बाकीच्या जहाजांवरही गेलीत."

अधिकाऱ्याने वही उघडली. पेन मध्येच थांबलं. "नावही घालावं लागेल."

टाकेबाईने आपलं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, दोनदा. मग वही मागून घेतली, नाकाजवळ नेली, दूर धरली, आणि एका अक्षराची वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करायला लावली.

खाली कुठेतरी जेवणाची घंटा झाली. जावई तुटलेला पट्टा हातात घेऊन उभा होता, त्याला तो कुठे ठेवायचा कळत नव्हतं. केबिनवाला तेरा जॅकेटं घडी घालून आत लावत होता. मुलीने बटणला आईकडे दिलं, आईने घेतलं, आणि दोघी काही वेळ कठड्याशी उभ्या राहिल्या. मुलगी समुद्राकडे बघत नव्हती.

"वर चल," ती शेवटी म्हणाली. "जेवू."

"तुम्ही व्हा पुढे. मी येते."

"आई."

"अगं येते. बारा राहिलीत अजून."

"ती तर तुझी नाहीत!"

टाकेबाईने बटणला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळा हात केबिनवाल्यासमोर धरला.

नवा चष्मा लावून ती कामावर गेली त्या पहिल्या दिवशी तिने एकशे बारा जॅकेटं तपासली आणि नऊ परत पाठवली. त्याआधीच्या चार महिन्यांत तिने एकही परत पाठवलं नव्हतं.