आत्याबाई बसल्या नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माझ्यावर आजवर एकदाच कोणी बसलं आहे. बसणारे धनी तीन वर्षांचे होते. बसल्या बसल्या त्यांनी भोकाड पसरलं आणि माझी बैठक ओली करूनच ते खाली उतरले. तरीही आज माझा रुबाब बघण्यासारखा आहे. कसा, ते ऐका.

शेकडो वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उत्तर भागात हॉलोडेल नावाची एक चिमुकली जहागीर होती. तिथला जहागीरदार तापाने गेला आणि मागे राहिला हा छोटा रॉबर्ट. कारभार आला त्याच्या आत्याकडे, मार्जरीबाईंकडे. युरोपात तेव्हा अशी रीतच होती. धनी लहान असला की कुणीतरी त्याच्या नावाने राज्य चालवायचं आणि तो मोठा झाला की सोपवून द्यायचं. सोपवायची वेळ आली की पुष्कळांना नेमका विसर पडायचा!

दर मंगळवारी दरबार भरे, पण रॉबर्ट मोठा होईपर्यंत मी रिकामीच. बाई माझ्या उजव्या बाजूला उभ्या राहून, माझ्या हातावर आपला हात टेकून न्याय देत. त्या बारीक अंगाच्या होत्या, माझ्यात सहज मावल्या असत्या. गुडघे सुजले तेव्हा त्यांचा दीर म्हणाला, "वहिनी, बसा की. कोण बघतंय?"

बाई म्हणाल्या, "एकदा बसले, तर मला उठवेल कोण?"

बारा वर्षं त्या उभ्याच राहिल्या. रॉबर्ट पंधरा वर्षांचा झाला, तोवर अंगापिंडाने इतका वाढला होता की त्याच्यासाठी नवी खुर्ची करावी लागली. बाईंनी किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या आणि त्या दरबारात पहिल्यांदाच, एका साध्या बाकावर बसल्या. सगळा दरबार उठून उभा राहिला. मी लाकडाची, पण मलाही भरून आलं.

पुढे माझे दिवस फिरले. माळ्यावर धूळ खाल्ली, लिलावात धक्के खाल्ले आणि शेवटी लंडनच्या ईलिंग भागातल्या एका छोट्या संग्रहालयाच्या कोठीत येऊन पडले. तिथे गेल्या वर्षी एका तज्ज्ञाने माझे फोटो पाहून निकाल दिला: ही खुर्ची नकली आहे, काढून टाका.

संग्रहालय सांभाळणारी नीना हिरमुसली. दर गुरुवारी मदतीला येणाऱ्या गर्शोनकाकांना ती म्हणाली, "काका, रिपोर्ट म्हणतो, सीट ब्रँड न्यू आहे आणि एकच आर्म झिजलाय, सो इट्स अ फेक. उद्या व्हॅन येणार. आज चार वाजता कमिटीची फायनल मीटिंग आहे."

काका मूळचे मुंबईचे बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, आणि आयुष्यभर सुतारकाम केलेले. ते हसले. "नीना, आमच्या सिनेगॉगमध्ये एलियाहू हन्नाबीची खुर्ची असायची. बाळाच्या सुंतेला ती प्रेषितासाठी मांडायची. मोठं माणूस कुणी त्यावर बसायचं नाही, सगळे नुसता हात लावायचे. सीट नवी आणि हात गुळगुळीत! तिला तू फेक म्हणशील?"

"पण प्रूफ, काका?"

काका माझ्या उजवीकडे उभे राहिले आणि त्यांनी डावा हात माझ्या हातावर टेकवला. त्यांची बोटं चार खळग्यांत अलगद बसली. "बघ. बसलेल्या माणसाची बोटं पुढे जातात. हे खळगे आडवे आहेत, बाहेरून आत आलेले. इथे कुणीतरी उभं राहायचं, वर्षानुवर्षं."

नीना धावतच आत गेली. माझ्याबरोबर आलेली कातड्याची एक गुंडाळी कुणी कधी उघडलीच नव्हती. तिने ती उघडली आणि लॅटिनमधल्या ओळी एकेक करून लावल्या. मग ती जवळजवळ ओरडलीच, "काका! 'धनी लहान असल्याने बाई त्याच्या रिकाम्या आसनाशेजारी उभ्या राहिल्या.' अँड हे दर मंगळवारचं लिहिलंय!"

चार वाजता मला उचलून समितीपुढे ठेवलं. माझा जीव टांगणीला लागला होता. नीनाने वाचून दाखवलं, काकांनी हात टेकवून दाखवला. सगळ्यांचे हात माझ्या बाजूने वर झाले! तज्ज्ञमहाशय स्वतः आले, खळगे चाचपून बघितले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "चुकलो." दुसऱ्या दिवशी व्हॅन रिकामीच परत गेली. आता मी पहिल्या दालनात, अगदी मधोमध उभी आहे. शेजारच्या पाटीवर मार्जरीबाईंचं नाव माझ्या नावाच्याही आधी आहे आणि ते तसंच हवं.

म्हणून सांगते, मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी नुसता फोटो बघू नका, घटकाभर तिच्याजवळ उभे राहा. आणि दुसऱ्याचं काही तुमच्याकडे सांभाळायला आलं, अगदी धाकट्या बहिणीचा केकचा तुकडा का असेना, तर त्यावर हक्क सांगू नका. लोक म्हणतात, खुर्ची मिळाली की माणूस जिंकतो. माझ्या आत्याबाई उभ्या राहिल्या आणि जिंकल्या!