डावीकडचा सापळा

दारात चपला काढतानाच नरहरला आतून शरयूचं हसणं ऐकू आलं. तो एक चप्पल पायात तशीच ठेवून थांबला. मोकळं, दम लागेपर्यंतचं हसणं होतं. असं ती त्याच्यासमोर शेवटचं कधी हसली होती, ते त्याला आठवेना.

आत टीव्हीसमोर सतरंजीवर शरयू बसली होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर दीनानाथ सर. वरच्या खोलीतले भाडेकरू. शाळेत विज्ञान शिकवायचे. चाळिशी उलटलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघांच्या हातात व्हिडिओ गेमचे बटणं असलेले ठोकळे होते.

“या भाऊ,” सर म्हणाले. “वहिनी आज माझ्या सापळ्यातून थोडक्यात वाचल्या.”

नरहर भोकरदनच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होता. दिवसभर काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारायच्या, कंडक्टरांशी हुज्जत घालायची आणि घरी येऊन शरयूने दिलेला चहा न बोलता प्यायचा, असं त्याचं चाललं होतं. लेक पुण्याला. दोन हजार पाचच्या दिवाळीत जावयाने नवा व्हिडिओ गेम घेतला आणि जुना इथे आणून ठेवला. त्याच्या तीन रंगांच्या वायरी टीव्हीला कुठे जोडायच्या ते नरहरला जमेना, तेव्हा शरयूनेच सरांना वरून हाक मारली. तिथून हे सुरू झालं.

खेळ सोपा होता. पडद्यावर एका बेटाला वळसा घालणारी चौकोनी घरांची वाट. फासा टाकायचा, पडेल तितकी घरं आपलं बाहुलं चालायचं. शेवटी ज्याच्याजवळ तारे जास्त, तो जिंकला. खरी गंमत सापळ्यांची. आपली पाळी आली की वाटेतल्या कुठल्याही घरावर सापळा लावता यायचा. दुसऱ्या कुणाचं बाहुलं नेमकं त्या घरावर थांबलं की त्याचा एक तारा सापळा लावणाऱ्याकडे जायचा. सापळे सगळ्यांना दिसायचे. सरांचे हिरवे, शरयूचे पिवळे. नरहर खेळायला बसू लागला तेव्हा त्याच्या वाट्याला निळे आले.

ठोकळे मात्र दोनच होते. सरांनी आदराने एक नरहरला देऊन टाकला. दुसरा सर आणि शरयू आळीपाळीने वापरू लागले. सरांच्या हातातून तो शरयूच्या हातात जायचा, परत सरांच्या. नरहरचं अर्धं लक्ष पडद्यावर असायचं आणि अर्धं त्या ठोकळ्यावर.

मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं. सर शरयूच्या पुढे कधीच सापळा लावत नव्हते. ती जे घर ओलांडून गेली, तिथेच त्यांचा हिरवा सापळा पडायचा. नरहरच्या पुढ्यात मात्र बिनदिक्कत. ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही, पण ती त्याच्या डोक्यातून जाईना. स्थानकावर त्याने सिल्लोडची गाडी जाफराबादची म्हणून पुकारली आणि लोकांचं बोलणं खाल्लं. घरी आल्यावर तो शरयूला सहज विचारल्यासारखं विचारायचा, सर किती वाजता आले, काय बोलले. ती सगळं सरळ सांगायची. तिच्या सरळ सांगण्यानेच तो जास्त जळायचा.

एका रविवारी दुपारी लाइट आली तसे तिघं खेळायला बसले. सर आणि शरयू बरोबरीत होते. नरहरकडे एकही तारा नव्हता. पुढे वाट दुभंगत होती. सर नेहमी डावीकडून जातात हे पाहून ठेवलेल्या नरहरने डाव्या वाटेच्या चौथ्या घरावर आपला सापळा लावला.

त्याच्यानंतर पाळी शरयूची. तिचं बाहुलं नेमकं फाट्यावर उभं होतं. फाशात चार पडले.

“उजवीकडून जा वहिनी,” सर हळू म्हणाले. “डावीकडं भाऊंचा सापळा हाय.”

शरयूने डावीकडचं बटण दाबलं. बाहुलं चार घरं चाललं, निळ्या घरावर थांबलं, आणि तिचा एक तारा नरहरकडे आला. नरहरला त्याचा आनंद झालाच नाही. त्याच्या कानात सरांचा तो हळू आवाज घुमत होता. सरांनी आपल्या पाळीला सापळा लावला, तो पुन्हा शरयूच्या मागच्या घरावर.

“सर,” नरहर म्हणाला, “तुम्ही कुणाला सांभाळून सापळे लावून राह्यले, ते मला दिसत न्हाई का? खेळाचं नुसतं निमित्त हाय तुमचं.”

सरांनी ठोकळा सतरंजीवर अलगद ठेवला. ते उठले, “येतो भाऊ,” एवढंच म्हणाले आणि वर गेले.

शरयूने टीव्ही बंद केला. ती रडेल असं नरहरला वाटत होतं. ती रडली नाही.

“मी डावीकडं का गेल्ते, ते विचारा ना,” ती म्हणाली.

नरहरने हातातला ठोकळा खाली ठेवला.

“तुमच्याजवळ एकबी तारा नव्हता. तोंड एवढंसं करून बसल्ता तुम्ही. म्हणलं, माझा घ्या.” मग वायरी गुंडाळत ती म्हणाली, “आन् सर सापळे कुठं लावतात ते मलाबी दिसत होतं. कुणीतरी आपल्याला बघून चालतंय, याचं बरं वाटायचं. बास. त्याच्यापुढं काई नव्हतं.”

पहिल्या बोलण्याने तो शरमला आणि दुसऱ्याने पुन्हा जळला.

सर त्यानंतर खाली आले नाहीत. जिन्यात भेटले तर बाजूला होऊन वाट द्यायचे. माफी मागायचं नरहरच्या कितीदा ओठांवर आलं, पण तो नुसता पुढे निघून जायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांनी संस्थेच्या मंठ्याच्या शाळेत बदली मागून घेतली. मंठ्याला घरी आई एकटी असते, असं त्यांनी कारण सांगितलं.

जायच्या दिवशी ते स्थानकावर आले तेव्हा नरहर ड्यूटीवर होता. एका हातात वळकटी, दुसऱ्या हाताने ओढत आणलेली पत्र्याची पेटी. नरहरने मंठ्याची गाडी पुकारली. मग माईक बंद करून तो केबिनच्या बाहेर आला आणि पेटीची दुसरी कडी धरली. इतक्या वर्षांत त्याने कुठल्या प्रवाशाच्या सामानाला हात लावला नव्हता. दोघांनी मिळून पेटी आत चढवली. गर्दी होती, पण कंडक्टरला सांगून नरहरने खिडकीजवळची जागा करून दिली.

“वहिनींना नमस्कार सांगा,” सर म्हणाले.

“सांगतो,” नरहर म्हणाला. आणखी काही बोलायच्या आत गाडी सुटली.

संध्याकाळी शरयू ओट्याजवळ बसून मेथी निवडत होती. सरांनी नमस्कार सांगितल्याचं त्याने सांगितलं.

“बसायला जागा मिळाली का त्यांना?”

“मिळाली. खिडकीजवळ.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि पुढची काडी उचलली.

नरहर चहाचा कप हातात धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, चहा गार होईपर्यंत. शरयूने मेथी निवडून संपवली, देठं गोळा केली आणि गायीला टाकायला बाहेर निघून गेली.