सात महिन्यांचं पोट

मित्रांनो, माझ्या पोटात सात महिन्यांचं बाळ आहे, आणि गेली अकरा वर्षं ते सातच महिन्यांचं आहे. गाड्या भिंतीवर आदळून तपासतात ना, त्यांत बसणारा मी एक जुना पुतळा. आधी सगळे मला 'तो' म्हणत. पोट बसवलं तेव्हापासून 'ती' म्हणू लागले. मी नक्की कोण, ते मला अजून उमगलेलं नाही.

हे पोट घडवलं इंजिनिअर ताईंनी. त्यांची धाकटी बहीण गरोदर होती आणि गाडीत बेल्टच लावत नव्हती. "आई म्हणते, बाळ दाबलं जाईल," असं तिचं म्हणणं. खरं काय, ते ताईंनाही सांगता येईना, कारण आमच्यातल्या एकाही पुतळ्याला पोट नव्हतं. मग त्यांनी रबराची पिशवी करवून घेतली, तिच्यात पाणी भरलं, दाब मोजणारे सेन्सर बसवले.

स्क्रू आवळता आवळता मिस्त्री काकांनी विचारलं, "कितवा?"

"सातवा," ताई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पहिल्या चाचणीत मला बेल्ट लावलाच नाही. माझं पोट स्टिअरिंगवर आपटलं. आकडे पाहून ताईंनी ते पुन्हा पुन्हा तपासले. दुसऱ्यांदा बेल्ट पोटाच्या मधोमध बांधला. आकडे उतरले, पण ताईंच्या कपाळावरची आठी हलेना. तिसऱ्यांदा त्यांनी खालचा पट्टा पोटाखालून कमरेच्या हाडांवर घेतला आणि वरचा छातीवरून, पोटाच्या कडेने. पोटाचे आकडे अगदी खाली आले, माझी बरगडी मोडली, खांदा निखळला आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. मी बुचकळ्यात पडले. मोडलं माझं, आनंद यांना कसला?

त्याच संध्याकाळी ताईंनी बहिणीला माझ्यासमोर आणलं. "आईला मी समजावते. तू बेल्ट असा लाव."

"ही रबराची आहे, ताई. मी नाही."

"म्हणूनच हिला आपटलं," ताई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी बहीण पुन्हा आली. चौकात एका टेम्पोने तिच्या गाडीला समोरून ठोकलं होतं. डॉक्टरांनी तिला बाळाचे ठोके ऐकवले होते. सगळं ठीक होतं. तिने कुर्ता जरासा सरकवून कमरेवरचा बेल्टचा काळानिळा वळ दाखवला. माझ्या रबरावर उठतो, अगदी तिथेच. तो बघून ताई आधी हसल्या, मग रडल्या. वळाचं कोणी कौतुक करतं का?

माझ्या टाळक्यात हे अजून शिरलेलं नाही, मित्रांनो. तुम्हाला उमगलं असेल, तर एवढं करा: घरात कोणी गरोदर असेल, तर गाडी सुरू होण्याआधी तिला विचारा, "बेल्ट पोटाखालून घेतलास ना?"