लाल रेषेच्या अलीकडे

मित्रांनो, मी मासे मोजायची एक जुनी फळी आहे. सुताराने माझ्या एका टोकाला आडवी पट्टी ठोकली आणि अंगावर लाल रेषा ओढली. माशाचे तोंड पट्टीला टेकवायचे; शेपटी रेषेपर्यंत पोचली तर मासा विकायला मोकळा. नाही पोचली, तर ते अजून पिल्लू आहे, त्याने एकदाही अंडी घातलेली नाहीत. असा मासा धरायला सरकारची मनाई.

धक्क्यावर तपासणीला एक तरुण निरीक्षक बाई होत्या, मच्छीमाराचीच लेक. लोक कुरकुरायचे, पण म्हणायचे, "बाईंची फळी कुणाचं तोंड बघून मोजत नाही." ते ऐकून मी फुलून जायचे.

एका सकाळी त्यांचे वडीलच टोपली घेऊन आले. मासे बोटभर. बाईंनी एक माझ्यावर ठेवला. वडील हळूच म्हणाले, "जाऊ दे गं बाळा, आज जाळ्यात दुसरं काही आलंच नाही." बाईंनी मासा हलकेच पुढे सरकवला. शेपटी रेषेवर आली, तोंड मात्र पट्टीपासून सुटले.

"चालेल," त्या म्हणाल्या.

मागे उभी असलेली मासेवाली मावशी कडाडली, "काल ह्याच फळीवर माझ्या नवऱ्याची टोपली जप्त केलीस ना? का तुझ्या बापाचे मासे फळीवर ठेवले की वाढतात?"

सगळा धक्का हसला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझ्याच अंगावर खोटे मोजले गेले होते. वडिलांनी मान वर केली नाही. स्वतःच टोपली जप्तीच्या पिंपात उपडी केली. "माझ्यापायी पोरीला ऐकावं लागलं," एवढे पुटपुटून ते गेले.

बाईंनी मावशीची सर्वांदेखत माफी मागितली, साहेबांनाही खरे ते सांगितले. त्यांची बदली झाली. धक्क्यावर नवी स्टीलची फळी आली आणि मी कोठीत धूळ खात पडले. कुणी दार उघडले की मला तोंड लपवावेसे वाटे.

पुढे एकदा वडीलच कोठीत आले. "ही मोडीत काढणार असाल तर मला द्या," म्हणाले. त्यांनी मला होडीत ठोकले. आता मासा जिवंत असतानाच ते मोजतात.

परवा बाई सुट्टीवर आल्या होत्या. वडिलांनी एक तडफडता मासा त्यांच्यापुढे धरला. "तू मोज."

बाईंनी मासा माझ्यावर ठेवला. त्यांनी तोंड पट्टीला नीट टेकवले. शेपटी रेषेच्या अलीकडेच राहिली.

"लहान आहे, बाबा."

"मग सोड की!"

मित्रांनो, आपल्या माणसाचा मासा मोजतानाही माझी लाज राखा.